‘हाच तो माणूस!’

श्रोतेहो, खरे आणि खोटे यांत अंतर किती, असे विचारले तर आपल्याकडचा जाणता माणूस डोळा आणि कान यांच्यामध्ये चार बोटे धरून दाखवतो. डोळ्यांनी पाहिले ते खरे, कानांनी ऐकले ते खोटे! गावच्या पारावर एवढा निवाडा पुरतो. कोर्टात मात्र कधीकधी दोन साक्षीदार समोर येतात आणि दोघांचाही आधार डोळाच असतो. एक म्हणतो, “गुन्हा करताना मी याला पाहिलं.” दुसरा म्हणतो, “त्याच वेळी हा दहा कोसांवर माझ्यासमोर बसला होता.” दोघेही शपथेवर बोलतात. एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. म्हणजे दोहोंपैकी कोणाचा तरी डोळा चुकला, किंवा कोणाची तरी जीभ खोटे बोलली. कोणाची, हे ठरवायचे कसे?

आरोपीच्या या बचावाला इंग्रजीत ‘ॲलिबाय’ म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ ‘दुसरीकडे’. आपण त्याला ‘अन्यत्र असल्याचा बचाव’ म्हणू. डोळ्याची साक्ष आणि हा बचाव एकमेकांसमोर उभे राहिले, की न्यायाधीशाची खरी कसोटी लागते. इतिहासात या कसोटीला माणसे कशी उतरली नाहीत, आणि त्यातून पुढे शहाणपण कसे आले, हे सांगण्यासाठी मी आज दोन जुने खटले घेतले आहेत. पहिला लंडनचा, दुसरा ग्लासगोचा. शेवटी आपल्या कायद्याकडे येऊ.

तारीख १६ डिसेंबर १८९५. लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका घरातून अडॉल्फ बेक नावाचा गृहस्थ बाहेर पडला. वय चोपन्न, केस पिकलेले, ओठांवर मिशा. मूळचा नॉर्वेचा. उमेदीची बरीच वर्षे दक्षिण अमेरिकेत काढून तो लंडनला आला होता आणि एका तांब्याच्या खाणीत पैसा घालून कर्जबाजारी झाला होता. समोरून एक बाई आली आणि तिने त्याची वाट अडवली. “माझी घड्याळं कुठं आहेत?” असे ती विचारू लागली. बेक गोंधळला. रस्ता ओलांडून तो पोलिसाकडे गेला आणि म्हणाला, “ही बाई मला त्रास देते आहे.” बाई म्हणाली, “यानंच मला फसवलं.” पोलिसाने दोघांनाही चौकीवर नेले. बेक तिथून घरी परतला नाही.

प्रकरण असे होते. गेली दोन वर्षे लंडनमध्ये एक भामटा एकट्यादुकट्या बायकांना गाठत असे. मी अमुक लॉर्ड आहे, माझी मोठी जहागीर आहे, माझे घर सांभाळायला या, अशी थाप मारी. नवे कपडे घ्या म्हणून चेक लिहून देई, आणि मापासाठी म्हणून बोटातली अंगठी, दुरुस्तीसाठी म्हणून घड्याळ घेऊन पसार होई. चेक बँकेत गेला की कळे, असे खातेच नाही. फसलेल्या बायकांना पोलिसांनी बोलावले आणि बेकला दहा-पंधरा माणसांच्या रांगेत उभे केले. त्या रांगेत पिकल्या केसांचा आणि मिशांचा तो एकटाच होता! एकीमागून एक बाई आली आणि बोट दाखवून म्हणाली, “हाच तो माणूस!”

इथेच एक जुनी गोष्ट वर आली. १८७७ साली लंडनमध्ये जॉन स्मिथ नावाच्या माणसाला अगदी याच पद्धतीच्या फसवणुकीबद्दल पाच वर्षांची सजा झाली होती. त्याला तेव्हा पकडणारा पोलीस शिपाई आता निवृत्त झाला होता. त्याने बेककडे पाहून शपथेवर सांगितले, “हा तोच जॉन स्मिथ, मला यत्किंचितही शंका नाही.” हस्ताक्षर-तज्ज्ञानेही अहवाल दिला, की १८७७ चे कागद आणि १८९५ चे चेक एकाच हाताचे आहेत.

आता श्रोतेहो, या ठिकाणी नीट लक्ष द्या. सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. १८७७ साली बेक लंडनमध्ये नव्हताच. तो पेरू देशात होता, आणि त्याला तिथे ओळखणारे लोक साक्ष द्यायला तयार होते. म्हणजे हिशेब सरळ झाला. जुने कागद आणि नवे चेक एकाच हाताचे. जुने कागद लिहिले गेले तेव्हा बेक समुद्रापलीकडे. तेव्हा नवे चेकही बेकचे नव्हेत. पोलिसांच्याच तज्ज्ञाने बेकच्या सुटकेचा दरवाजा उघडून दिला होता.

मार्च १८९६ मध्ये ओल्ड बेली या कोर्टात खटला उभा राहिला. बेकचे वकील नेमके हेच मांडायला निघाले. पण सरकारी वकिलाने फक्त नव्या फसवणुकीचे आरोप पुढे चालवले आणि जुन्या शिक्षेचा भाग बाजूला ठेवला. बचावाच्या वकिलांनी तज्ज्ञाला १८७७ च्या कागदांबद्दल विचारायला सुरुवात करताच हरकत आली, आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. त्यांचे म्हणणे असे, की १८७७ साली काय झाले हा प्रश्न या खटल्याच्या बाहेरचा आहे. हे न्यायाधीश म्हणजे सर फॉरेस्ट फुल्टन. आणि योगायोग पाहा, १८७७ मध्ये जॉन स्मिथवर सरकारतर्फे खटला चालवणारे वकील हेच होते! पेरूची गोष्ट ज्यूरीच्या कानांवर गेलीच नाही. ज्यूरीसमोर राहिल्या त्या फक्त बोट दाखवणाऱ्या बायका. बेकला सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

तुम्ही म्हणाल, मग त्याने अपील का केले नाही? कारण करायला जागाच नव्हती. त्या काळी इंग्लंडात फौजदारी खटल्यातील वस्तुस्थितीवर अपील ऐकणारे न्यायालय अस्तित्वात नव्हते. कायद्याचा एखादा मुद्दा खुद्द न्यायाधीशाने राखून ठेवला, तरच तो वरच्या न्यायाधीशांपुढे जाई. एरवी उपाय एकच, सरकारच्या गृहखात्याकडे अर्ज करायचा. बेकने तुरुंगातून अर्जामागून अर्ज केले.

१८९८ मध्ये गृहखात्याने जॉन स्मिथची जुनी तुरुंगातली नोंद काढून पाहिली. स्मिथ ज्यू होता. त्याची सुंता झालेली होती. बेकची झालेली नव्हती. शरीरानेच साक्ष दिली, की बेक हा स्मिथ नव्हे! गृहखात्याने न्यायाधीशांचे मत विचारले. उत्तर आले ते असे, की बेक हा स्मिथ नसेलही, पण १८९५ च्या गुन्ह्याबद्दल त्याला बायकांनी ओळखले आहे, आणि शिक्षा त्याबद्दल आहे. परिणाम काय, तर बेकच्या तुरुंगातल्या क्रमांकात जुना गुन्हेगार म्हणून जी खूण होती, ती बदलली. बेक आतच राहिला. १९०१ मध्ये तो सवलतीवर सुटला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण १९०४ च्या वसंतात पुन्हा तशीच तक्रार आली. पोलिसांना भामट्याचे नाव ‘ठाऊक’च होते! तक्रारदार बाईला बेकच्या वाटेवर उभे केले, तिने त्याला ओळखले, आणि आणखी बायकांनीही ओळखले. जूनमध्ये ज्यूरीने त्याला पुन्हा दोषी ठरवले. मात्र या वेळच्या न्यायाधीशांच्या मनात कुठेतरी शंका होती. त्यांनी शिक्षा सुनावणे पुढे ढकलले. त्या विलंबाने बेक वाचला. ७ जुलै १९०४ रोजी दोन नट्यांच्या अंगठ्या गहाण टाकताना एक माणूस पकडला गेला. पद्धत तीच, थापा त्याच. तोवर बेक कोठडीत होता, तेव्हा हा गुन्हा त्याचा असणे शक्य नव्हते. पकडलेला माणूस म्हणजे विल्हेल्म मायर. जॉन स्मिथ तोच. त्याने गुन्हा कबूल केला. बेकला माफी मिळाली. जो गुन्हा केलाच नाही, त्याबद्दल ‘माफी’! भरपाई म्हणून पाच हजार पौंड मिळाले. १९०९ साली तो वारला.

या दोन माणसांत साम्य होते ते वरवरचे. मग एवढ्या बायका खोटे बोलल्या काय? नाही. त्या प्रामाणिक होत्या. त्यांची फसवणूक खरोखर झाली होती, त्यांचा राग खरा होता. खोटे बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत कुठेतरी अडखळतो. पण चुकलेला प्रामाणिक साक्षीदार अडखळत नाही, कारण त्याला आपण खरेच बोलतो आहोत असे वाटत असते. म्हणून तो अधिक धोक्याचा. आणि दहा बायकांनी एकच चूक केली, म्हणून तिचे वजन दहापट होत नाही. सगळ्यांना चुकीच्या माणसाकडे नेणारी वाट एकच होती, ती म्हणजे पिकल्या केसांचा एकच माणूस असलेली ती रांग.

बेकच्या प्रकरणाने इंग्लंड हादरले. चौकशी समिती बसली, आणि १९०७ साली फौजदारी अपिलाचा कायदा होऊन तिथे फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. म्हणजे आरोपीच्या ‘मी तिथे नव्हतो’ या म्हणण्याला दुसऱ्यांदा कान मिळाला, तो एका निरपराध माणसाच्या पाच वर्षांच्या तुरुंगवासानंतर.

पण तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. आणि तिथेच आपला दुसरा खटला घडला. २१ डिसेंबर १९०८ च्या संध्याकाळी, सातच्या सुमारास, ग्लासगोमध्ये मॅरियन गिलख्रिस्ट नावाच्या वृद्ध, श्रीमंत बाईचा तिच्या घरात खून झाला. तिची मोलकरीण वर्तमानपत्र आणायला बाहेर गेली होती. ती आणि खालचा शेजारी दारात आले, तेव्हा एक माणूस आतून शांतपणे बाहेर आला आणि जिना उतरून पळाला. रस्त्यात एका चौदा वर्षांच्या मुलीला तो धडकला. पाहिले ते एवढेच, काही क्षण.

संशय आला ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू माणसावर, कारण त्याने एका ब्रोचची गहाणपावती विकायला काढली होती. पुढे उघड झाले, की तो ब्रोच खुनाच्या कितीतरी आधी गहाण पडलेला, वेगळाच दागिना होता. पण तोवर स्लेटर अमेरिकेला निघून गेला होता, आणि पळाला तो गुन्हेगार, असे सगळ्यांच्या मनाने घेतले. मोलकरीण आणि ती मुलगी यांना ओळख पटवण्यासाठी न्यूयॉर्कला नेले. ओळखण्याआधी त्यांना स्लेटरचे फोटो दाखवण्यात आले होते. आणि बोटीवर त्या दोघींची खोलीही एकच!

स्लेटरचा बचाव काय? त्या वेळी मी घरी जेवत होतो. साक्षीदार कोण, तर त्याच्याबरोबर राहणारी बाई आणि घरची मोलकरीण. दोघी म्हणाल्या, होय, तो घरीच होता. पण स्लेटर जुगारी होता, त्याची राहणी बदफैली होती. सरकारी वकिलाने त्यावर भर दिला, आणि न्यायाधीशांनीही ज्यूरीला अशा अर्थाचे सांगितले, की अशा चालीच्या माणसाला निर्दोषपणाच्या गृहीताचा फायदा भल्या माणसाइतका मिळत नाही. पंधरा जणांच्या ज्यूरीत नऊ जणांनी दोषी म्हटले, पाच जणांनी ‘शाबीत नाही’ म्हटले, एकाने निर्दोष म्हटले. स्कॉटलंडात बहुमत पुरे होते. १९०९ च्या मे महिन्यात फाशीची शिक्षा झाली, आणि फाशीला दोन दिवस उरले असताना ती जन्मठेपेत बदलली.

सर आर्थर कॉनन डॉयल, शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे, यांनी १९१२ मध्ये या खटल्यावर पुस्तिका लिहून अन्यायाचा बोभाटा केला. तरी स्लेटर बाहेर आला तो १९२७ मध्ये, साडेअठरा वर्षांनी. स्कॉटलंडात फौजदारी अपील न्यायालय १९२६ साली झाले, आणि स्लेटरचा खटला त्याआधीचा असल्याने त्याच्या अपिलासाठी खास कायदा करावा लागला. जुलै १९२८ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली.

ती का रद्द झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. अपील न्यायालयाने असे म्हटले नाही, की ज्यूरीने पुरावा तोलला तो अवाजवी तोलला. न्यायालयाने म्हटले ते एवढेच, की न्यायाधीशांनी आरोपीच्या चालचलणुकीबद्दल ज्यूरीला चुकीची दिशा दाखवली. म्हणजे तराजूत काय पडले यापेक्षा तराजूच वाकडा होता, हे अपिलात ठरले. वरचे न्यायालय साक्षीदाराचा चेहरा पाहत नाही, त्याचा आवाज ऐकत नाही. ते कागद वाचते. म्हणून खालच्या न्यायालयाच्या मताला ते मान देते. पण कागदाचाही एक फायदा आहे. तारखा, वेळा, अंतरे शेजारी शेजारी मांडून शांतपणे पाहता येतात.

आता आपल्याकडे येऊ. १८७२ साली आपल्याकडे पुराव्याचा कायदा झाला. तो रचला जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडिताने. त्या कायद्याच्या अकराव्या कलमाखाली एक सुंदर उदाहरण होते. कलकत्त्यास अमुक दिवशी गुन्हा केला का, असा प्रश्न असेल, तर त्या दिवशी आरोपी लाहोरला होता ही गोष्ट पुराव्यात येऊ शकते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे, पण हे तत्त्व त्यातही कायम आहे. बेकच्या वकिलांना लंडनमध्ये पेरूचे नाव काढू दिले नाही, त्याच्या चोवीस वर्षे आधी आपल्या कायद्यात ही वाट लिहून ठेवलेली होती! अपिलाचेही तेच. १८९८ च्या आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, ज्यूरीपुढे न चाललेल्या खटल्यांत वस्तुस्थितीवरही अपिलाची सोय होती.

सर्वोच्च न्यायालयाने पुढे हे तोलण्याचे नियम स्पष्ट केले. १९५७ सालच्या एका निकालात सांगितले, की साक्षीदार मोजायचे नसतात, त्यांची साक्ष तोलायची असते. एक साक्षीदारही पुरे, पण तो पूर्ण भरवशाचा हवा. १९८१ च्या एका खुनाच्या अपिलात आरोपी म्हणत होता, की त्या वेळी मी कारखान्यात कामावर होतो. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बचावाच्या साक्षीदारांनाही सरकारी साक्षीदारांइतकाच मान दिला पाहिजे. आरोपीने आणला म्हणून साक्षीदार खोटा, असे धरता येत नाही. दुसरी, ‘मी दुसरीकडे होतो’ एवढे पुरत नाही. घटनेच्या जागी असणे अशक्य होते, असे दिसले पाहिजे. त्या प्रकरणात मधल्या वेळी बाहेर पडणे अशक्य होते असे दिसले नाही. दोष कायम राहिला, फाशीची मात्र जन्मठेप झाली. तेव्हा अन्यत्र असल्याचा बचाव म्हणजे सुटकेचा परवाना, असेही कोणी समजू नये.

आपल्या खेड्यांतले खटले लंडनसारखे नसतात. तिथे साक्षीदार बहुधा आरोपीला जन्मापासून ओळखत असतो. चेहरा चुकण्यापेक्षा वेगळी भीती असते. अंधार असतो, कंदिलाचा उजेड अपुरा असतो, आणि भाऊबंदकीच्या वैरात मारणाऱ्या दोघांबरोबर तिसऱ्या भावाचेही नाव घातले जाते. उलट बाजूने, आरोपीचा मेव्हणा शपथेवर सांगतो, “पाहुणे आमच्याकडं सत्यनारायणाला होते.” म्हणून दोन्हींना सारखेच प्रश्न विचारावेत. पाहणाऱ्याला विचारावे: उजेड कसला होता? अंतर किती? किती वेळ पाहिलेस? नाव पहिल्यांदा कोणाला सांगितलेस, आणि केव्हा? बचावाच्या साक्षीदाराला विचारावे: तोच दिवस, हे कशावरून लक्षात राहिले? हे पहिल्यांदा केव्हा सांगितलेस, अटक होताच की खटला उभा राहिल्यावर? तिथून घटनेच्या जागी जायला एस.टी.ने, मोटारसायकलने किती वेळ लागतो? आणि दोन्हीकडे शोधावा तो असा पुरावा, जो गुन्ह्याची वार्ता कळण्याआधीच तयार झालेला असेल: दवाखान्याची नोंद, शाळेचे हजेरीपत्रक, आणि आता दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण.

आणखी एक चूक टाळली पाहिजे. आरोपीचा बचाव खोटा ठरला, म्हणजे गुन्हा आपोआप शाबीत झाला, असे नाही. निरपराध माणूसही भेदरून खोटे बोलतो. शिवाय आपण अमुक दिवशी कुठे होतो, हे साध्या माणसाला सांगता येत नाही, कारण कधीतरी ते सांगावे लागेल असे त्याला वाटलेलेच नसते. गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आपण कुठे होतो, हे आठवून पाहा. आणि दोन साक्षीदार आणून ते सिद्ध करा! गुन्हा शाबीत करण्याचे ओझे सरकार पक्षाचे, आणि ते शेवटपर्यंत त्याचेच.

शिक्षक मित्रहो, तुम्हाला एक सोपा प्रयोग सुचवतो. वर्गात धडा चालू असताना मुलांना अनोळखी अशा माणसाला आत बोलवा, त्याने टेबलावरचे पुस्तक उचलून निघून जावे. अर्ध्या तासाने मुलांना लिहायला सांगा: तो कसा दिसत होता, सदरा कोणत्या रंगाचा, हातात काय होते? वह्या वाचून पाहा. मग मुलांना बेकची गोष्ट सांगा. साक्ष म्हणजे काय, हे त्यांना एका तासात कळेल, आणि इतिहास वाचतानाही ते विचारू लागतील, की हे सांगणाऱ्याला कळले कसे?

आणि श्रोतेहो, उद्या कदाचित तुमच्यापैकी कोणाला पंच म्हणून, साक्षीदार म्हणून बोलावणे येईल. कोणीतरी एका माणसाकडे बोट करून विचारील, “हाच का तो?” खात्री असेल, तर न भिता ‘होय’ म्हणा. नसेल, तर “साहेब, चेहरा मला नीट दिसला नव्हता,” एवढे सांगायला लाजू नका. तीही खरी साक्षच आहे.